कंपनीच्या ताफ्यातला ट्रक घेताना

आमच्या धंद्यात जुना ट्रक घेणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, मोठ्या कंपनीच्या ताफ्यातला ट्रक डोळे झाकून घ्यावा, त्याचं ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असतं. दुसरा म्हणतो, ताफ्यातल्या ट्रकला हातही लावू नये, चालवणाऱ्यांपैकी कुणालाच तो आपला वाटलेला नसतो. मी अमेरिकेत बरीच वर्षं पगारी ड्रायव्हर होतो, त्यामुळे दुसऱ्या तटाच्या म्हणण्यात किती तथ्य आहे ते मी आतून पाहिलंय. कंपनीचा ट्रक खड्ड्यातून जाताना पाय आपोआप ब्रेकवर जात नाही, हे मान्यच करायला हवं. तरीही 2024 मध्ये स्वतःचा सेमी (ट्रेलर ओढणारा मोठा ट्रक) घ्यायचं ठरवलं तेव्हा मी ताफ्यातलाच घेतला आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तिथेच जाईन. कारण एकच, कागद. एकट्या मालकाकडून ट्रक घेतला तर फार तर पावत्यांची पिशवी मिळते. ताफ्यातल्या ट्रकचं पहिल्या दिवसापासूनचं दप्तर असतं. ते मागून घ्यावं लागतं आणि बसून वाचावं लागतं.

कंपनी चांगला चालता ट्रक का विकते, हे आधी समजून घेतलं. अशा नव्या ट्रकवर (इथे त्याला ट्रॅक्टर म्हणतात) 12 टक्के फेडरल एक्साइज टॅक्स बसतो. तो पहिल्या किरकोळ विक्रीलाच लागतो, जुन्याला नाही. एवढा कर भरूनही मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांत ट्रक बदलतात, कारण तोवर उत्पादकाची वॉरंटी संपत आलेली असते आणि पुढचा खर्च त्यांना अंगावर घ्यायचा नसतो. टर्बो, ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर गार करणारा), इंजेक्टर, क्लच, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) या मंडळींची पाळी येते तेव्हा ट्रकचा मालक बदललेला असतो. यात लबाडी काही नाही, सरळ हिशोब आहे. आपण तो खर्च आधी मोजला आणि किमतीतून वजा करून घेतला, तर सौदा दोघांच्याही सोयीचा होतो.

लीज-पर्चेसचा, म्हणजे वाहतूक कंपनीकडूनच ट्रक भाड्यानं घेऊन हप्त्यांनी आपला करण्याचा, मार्गही समोर होता. डाउन पेमेंट नाही, क्रेडिट तपासणी नाही, आज सही करा आणि उद्या किल्ली घ्या. पण दर आठवड्याला पगारातून हप्ता कापला जाणार, ट्रक त्याच कंपनीच्या लोडवर चालवायचा आणि मध्येच सोडला तर ट्रकही गेला आणि भरलेले पैसेही गेले. माझ्यासमोर किती जणांनी असे करार अर्ध्यावर टाकले ते पाहिलं होतं. पुढे 2025 मध्ये एफएमसीएसए या ट्रक-सुरक्षेच्या फेडरल संस्थेच्या अखत्यारीतल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सनं असे करार बंदच करावेत, अशी शिफारस अमेरिकी काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे, केली. मला त्याचं नवल वाटलं नाही. साठवलेले पैसे आणि क्रेडिट युनियनचं (सभासदांच्या पतसंस्थेचं) कर्ज यांवरच ट्रक घ्यायचा, हे घरात आधीच ठरलं होतं. बायकोची अट एकच होती. सहा महिने काम मिळालं नाही तरी हप्ता भरता येईल, त्याहून महाग ट्रक बघायलाच जायचं नाही.

इंडियानातल्या एका मोठ्या कंपनीच्या विक्री-यार्डात 2019 सालचे एकाच बनावटीचे, एकाच पांढऱ्या रंगाचे स्लीपर (झोपायची केबिन असलेले) ट्रॅक्टर ओळीनं उभे होते. बनावटीचं नाव मुद्दाम घेत नाही. घेतलं की सगळी चर्चा तिकडेच वळते. त्यातले दोन मला परवडण्यासारखे होते. पहिल्यावर 5,20,000 मैल, दुसऱ्यावर 4,30,000. दुसऱ्याची किंमत अर्थातच जास्त होती आणि विक्रेता तोच पुढे करत होता.

ओडोमीटरवर मी फार वेळ घालवला नाही. 16,000 पौंडांहून जास्त वजनक्षमतेच्या वाहनांना मैलांचा आकडा लेखी देण्याची फेडरल सक्ती लागू नाही, आणि डॅशबोर्डचा क्लस्टर बदललेला असू शकतो. मी दोन्ही ट्रकच्या ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, रिपोर्ट मागितला. विक्रेता म्हणाला, "बहुतेक लोक मागत नाहीत." मी म्हटलं, "मला द्या, मी थांबतो." तासाभरात दोन प्रिंटआउट हातात आले.

पहिल्या ट्रकचं इंजिन एकूण 12,300 तास चाललं होतं आणि त्यातले 2,700 तास जागेवर उभं राहून. दुसऱ्याचे एकूण तास 14,900 आणि उभ्याचे तब्बल 6,600. म्हणजे 90,000 मैल कमी धावलेल्या ट्रकचं इंजिन अडीच हजारांहून जास्त तास जुनं होतं. त्याचा ड्रायव्हर थंडीत-उन्हात केबिनमध्ये झोपताना इंजिन चालूच ठेवत असणार. त्याला दोष देत नाही, मीही तेच केलंय. पण इंजिन रिकामं फिरत राहिलं की एक्झॉस्ट तापत नाही, काजळी नीट जळत नाही आणि ती ईजीआर आणि डीपीएफमध्ये साचत जाते. मैल हायवेवर पडलेले असले तर मला चालतात. उभ्याउभ्या पडलेले तास मला नको होते. डिझेलचा सरासरी आकडाही तेच सांगत होता, पहिला गॅलनला 7.4 मैल, दुसरा 6.6. विक्रेत्याला म्हटलं, जास्त मैलांचा तो पहिला पांढराच दाखवा.

मग आलं दप्तर. कंपनीच्या वर्कशॉपची पीडीएफ चांगली जाडजूड होती आणि पहिल्या नजरेत आकड्यांचा चिखल वाटते. पण अमेरिकेतले बरेच मोठे ताफे दुरुस्तीच्या नोंदी व्हीएमआरएस नावाच्या सांकेतिक पद्धतीनं ठेवतात, आणि तिचे चार-पाच आकडे लक्षात ठेवले की चिखलातून वाट निघते. 013 म्हणजे ब्रेक, 017 टायर, 042 कूलिंग, 043 एक्झॉस्ट, 045 इंजिन. ब्रेक आणि टायरच्या नोंदी मी वरवर चाळल्या. ते झिजायचेच. 042 आणि 043 मात्र ओळ न ओळ वाचले, हातात पेन्सिल घेऊन.

खरी गंमत ड्रायव्हरच्या तक्रारीच्या रकान्यात असते. मेकॅनिकनं काय केलं ते सांकेतिक असतं, ड्रायव्हर काय म्हणाला ते जसंच्या तसं टाइप केलेलं असतं. 2021 च्या उन्हाळ्यात एक नोंद, "चेक इंजिनचा दिवा लागतो, पाऊस पडला की जास्त." नॉक्स सेन्सर (एक्झॉस्टमधले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा) बदलला. काही आठवड्यांनी दुसऱ्या राज्यातल्या वर्कशॉपमध्ये तीच तक्रार, पुन्हा सेन्सर बदलला. मग तिसऱ्या ठिकाणी ड्रायव्हर चिडलेला दिसतो, "हेच दोनदा सांगितलंय, पाऊस, पाऊस." तिथल्या माणसानं सेन्सर सोडून वायरिंग हार्नेस तपासली, फ्रेमला घासून सोललेली सापडली, ती बदलली. त्यानंतर ती तक्रार पुन्हा कधीच नाही. ट्रकची एक जुनी कटकट मुळातून निघाल्याचं एवढं लेखी प्रमाण मला दुसरीकडे कुठे मिळालं असतं? त्या अनोळखी ड्रायव्हरचे मी मनात आभार मानले. त्याची भाषा सगळ्या नोंदींत एकच होती, म्हणजे ट्रक बराच काळ एकाच माणसाकडे होता. हेही कामाचं. रोज हात बदलणाऱ्या ट्रकपेक्षा एकाच हातातला ट्रक बरा.

कूलंटची नोंद स्वच्छ होती. वॉटर पंप एकदा, होज एकदा, कूलंट वरचेवर घातल्याच्या ओळी नाहीत. कूलंट गळत नसताना सारखं घालावं लागत असेल तर ते ईजीआर कूलरमधून आत जातंय, असा संशय घ्यावा.

जे नव्हतं ते 043 मध्ये नव्हतं. पाच वर्षांत डीपीएफ काढून साफ केल्याची एकही ओळ मिळाली नाही. काजळी रीजनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवला जातो तेव्हा, जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये बसून राहते आणि फिल्टर खोलूनच काढावी लागते. 5,20,000 मैलांवर ती बसलेली असणारच. मी त्या रिकाम्या जागेभोवती गोल केला आणि प्रिंटआउट घडी करून खिशात ठेवलं. घासाघिशीचं भांडवल ते.

ट्रक बघायला मी ओळखीच्या एका सरदारजी मेकॅनिकना सोबत नेलं. इथल्या ट्रकवाल्यांत पंजाबी मंडळी भरपूर आहेत आणि पाजींसारखे मेकॅनिक तासाचे पैसे घेतात पण आडपडदा ठेवत नाहीत. आदल्या दिवशी फोन करून यार्डाला सांगून ठेवलं होतं की आम्ही पोचेपर्यंत इंजिन चालू करू नका. पाजींनी पोचल्यावर आधी हुड उघडून ब्लॉकला तळहात लावला. गार होता. "ठीक आहे, माणसं सरळ दिसतात," म्हणाले. गरम इंजिन कसंही चालू होतं. थंडीत गार इंजिन किती वेळ कुरकुरतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, यावरून इंजेक्टरची हालत कळते. आमचं लगेच चालू झालं, धूर नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. पाजींनी खिशातून पांढरा रुमाल काढला, बोटाला गुंडाळला आणि एक्झॉस्टच्या पाइपच्या तोंडात आतून फिरवला. रुमालावर जेमतेम करड्या रंगाची रेघ उठली. 2007 नंतरच्या ट्रकमध्ये डीपीएफ असतो आणि तो धड असेल तर पाइपाचं तोंड जवळपास स्वच्छ राहतं. बोट काळंकुट्ट निघालं तर फिल्टर आतून तडकलाय किंवा कुणी काढून टाकलाय. काढून टाकणं फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे. असा ट्रक कितीही स्वस्त मिळाला तरी तो दुसऱ्याच्या गुन्ह्यासकट विकत घेतल्यासारखा. एकट्यादुकट्या मालकाच्या ट्रकांत हे प्रकार आढळतात. मोठा ताफा सहसा त्या वाटेला जात नाही, ही ताफ्याच्या बाजूची आणखी एक गोष्ट.

ऑइल फिलरचं झाकण उलटं ठेवून ते उडतं का बघा, म्हणजे ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेनं खाली गळणारा वायू) कळतो, ही युक्ती जो तो सांगतो. मी ती करू लागलो तर पाजी हसले. नव्या इंजिनांत त्यावर भरवसा नाही म्हणाले आणि लॅपटॉप जोडून क्रँककेसचा दाबच वाचला. दाब मर्यादेत होता. मग ट्रकखाली शिरून त्यांनी चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला. मागच्या अ‍ॅक्सलवर डावीकडे तेलाचा ओघळ होता, व्हील सील (चाकातलं तेल अडवणारी कडी) गळत होतं. पुढची चाकं जॅकवर उचलून पहारीनं हलवली, किंगपिनमध्ये (ज्या खिळ्यावर पुढचं चाक वळतं त्यात) खेळ नव्हता. फिफ्थ व्हीलचे, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचे, जबडे थोडे झिजलेले, पण समायोजनात बसणारे. पुढच्या टायरच्या खाचांची खोली भरपूर होती, मागचे आठही रिट्रेड (वरचा थर नव्यानं चढवलेले). त्याला कायद्याची आडकाठी नाही. पुढच्या टायरना किमान 4/32 इंच आणि बाकीच्यांना 2/32 लागतं, त्याच्या कितीतरी वर सगळे होते. इंजिन गरम झाल्यावर पाजींनी ऑइलचा नमुना बाटलीत घेतला. तो प्रयोगशाळेत जाणार होता आणि अहवाल येईपर्यंत मी सही करणार नव्हतो.

टेस्ट ड्राइव्हला विक्रेता नुसता ट्रॅक्टर घेऊन निघाला होता. ट्रेलरशिवाय हा प्राणी कुणाचाही उत्तमच पळतो. मी माल भरलेला ट्रेलर मागितला. त्यानं जरा आढेवेढे घेतले, माझा सीडीएल (व्यावसायिक वाहनाचा परवाना) आणि इन्शुरन्सचे कागद बघितले, आणि शेवटी यार्डातलाच पॅलेट भरलेला एक ट्रेलर जोडून दिला. निघण्याआधी एअर ब्रेकच्या हवेची चाचणी केली. इंजिन बंद, ब्रेक दाबून धरलेला, मिनिटाला 4 पीएसआयपेक्षा कमी उतार, ठीक. हायवेवर चढणाच्या रॅम्पवर पूर्ण ताकद लावली तेव्हा बूस्ट (टर्बोचा दाब) चढत गेला, तापमान हललं नाही. गियरबॉक्स ऑटोमेटेड मॅन्युअल होता, म्हणजे क्लच आहे पण तो आणि गियर आपोआप चालतात. सुटताना पहिल्या-दुसऱ्या गियरला हलका धक्का जाणवला. पाजी शेजारी बसून होते, म्हणाले, क्लच अर्ध्याहून जास्त गेलाय, वर्ष काढेल, दीडही काढेल.

एक गोष्ट मला चालवतानाच ध्यानात आली. ताफा ट्रक स्वतःच्या मालासाठी घडवून घेतो. हा मिडवेस्टच्या सपाटीवर कमी डिझेलमध्ये पळावा म्हणून बनवला होता. मागच्या अ‍ॅक्सलचा गियर रेशो सुस्त, ताकद 400 अश्वशक्ती, टाक्या लहान. कोलोरॅडोत आय-70 वर पूर्ण 80,000 पौंड घेऊन चढायचं असतं तर मी तो घेतला नसता. माझं काम इलिनॉय, ओहायो, आयोवा असं होतं, मला तो नेमका बसत होता. मैल, रंग, क्रोम यांच्यावर तासन्‌तास बोलणारे लोक रेशो विचारत नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही.

ऑइलचा अहवाल आला. सोडियम-पोटॅशियम नाही, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये जात नाही. लोखंड आणि शिसं मर्यादेत. मग घासाघीस. कंपनीनं किंमत 38,500 डॉलर लावली होती आणि विक्रेता म्हणत होता, "आमच्याकडे किंमत पक्की असते." ताफ्यात किंमत वरून ठरून येते, समोरच्या माणसाला ती कमी करायची मुभा थोडीच असते, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी किंमत कमी करा असं म्हटलंच नाही. कामं मागितली. व्हील सील बदला, डीपीएफ काढून साफ करा आणि त्याचा आधी-नंतरचा रिपोर्ट द्या, ताजं वार्षिक डीओटी (फेडरल वाहतूक खात्याचं) इन्स्पेक्शन करून द्या. वर्कशॉप त्यांचंच, त्यांना त्यात फारसं काही पडत नाही. बाहेर मला बरंच पडलं असतं. क्लचसाठी थोडी रक्कम सोडा म्हटलं, तर 1,500 सोडले. 37,000 वर हात मिळवला. विक्री "आहे त्या स्थितीत", म्हणून कबूल केलेलं प्रत्येक काम खरेदीपत्रावरच लिहून घेतलं. विक्रेता म्हणाला, "विश्वास नाही का?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे. पण पुढच्या आठवड्यात तुम्ही सुट्टीवर गेलात तर?" तो हसला आणि त्यानं लिहून दिलं.

कागदपत्रांत दोनच जागा अशा होत्या की जिथे डोळ्यांत तेल घालावं लागलं. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, विकणाऱ्या कंपनीचं नाव नव्हतं, तिच्याच लीजिंग शाखेचं होतं, आणि त्यावर एका बँकेचा बोजा नोंदलेला होता. बोजा उतरल्याचं पत्र हाती पडल्याशिवाय माझी क्रेडिट युनियन पैसे सोडायला तयार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. दुसरी जागा पैसे पाठवण्याची. ईमेलवर आलेल्या खाते क्रमांकावर थेट वायर न करता, कंपनीच्या मुख्य नंबरवर स्वतः फोन लावून तो क्रमांक पडताळून घेतला. फ्रेमवरचा 17 अक्षर-अंकांचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक), दरवाजावरची पट्टी आणि टायटल, तिन्ही जुळवले. विक्रीकराचं प्रत्येक राज्यात वेगळं असतं. आंतरराज्य मालवाहतुकीला इलिनॉयसारख्या राज्यात सूट आहे, तिचा फॉर्म अकाउंटंटनं भरला. ट्रॅक्टरचा घसारा तीन वर्षांत काढता येतो, हेही त्यानंच सांगितलं. फॉर्म 2290 चा हेवी व्हेइकल टॅक्स, या वजनाला पूर्ण वर्षाचे 550 डॉलर, माझ्या वाट्याला उरलेल्या महिन्यांपुरता आला.

स्वतःची ऑथॉरिटी (स्वतःच्या नावावर माल वाहण्याचा परवाना) काढायच्या भानगडीत मी पडलो नाही. किमान 7,50,000 डॉलरचा लायबिलिटी इन्शुरन्स नव्या माणसाला कोणत्या भावात मिळतो ते विचारून झालं होतं. एका लहान कॅरियरकडे (वाहतूक कंपनीकडे) ट्रक लीजवर लावला. प्लेट, इफ्टाचा (राज्याराज्यांत वाटला जाणारा) इंधनकर, कार्गोचा विमा त्यांच्याकडे. बॉबटेलचा (ट्रेलरशिवाय चालवतानाचा) विमा आणि ट्रकची मोडतोड माझ्याकडे.

ट्रक घरी आणला तेव्हा दारांवर जुन्या कंपनीची अक्षरं उन्हात अजून वाचता येत होती. स्टिकर काढले तरी खालचा रंग कमी उडालेला असतो. कॅरियरचं नाव आणि डीओटी नंबर लावायचा असल्यामुळे पॉलिश करून घ्यावं लागलं. डॅशखाली जुन्या ईएलडीच्या (चालवण्याचे तास नोंदणाऱ्या यंत्राच्या) आणि कॅमेऱ्याच्या तुटक्या वायरी लोंबत होत्या, त्या पाजींनी एकेक करून बंद केल्या.

शेवटचा घोळ पासवर्डचा. ताफे ईसीएममधली वेगमर्यादा आणि इंजिन आपोआप बंद होण्याची वेळ आपल्या पासवर्डनं कुलूपबंद ठेवतात. तो काढून देण्याचं खरेदीपत्रात लिहिलं होतं, तरी यार्ड म्हणे ते मुख्यालयाचं काम, मुख्यालय म्हणे यार्डाचं. मधल्या काळात रात्री केबिनमध्ये झोपलो की पाच मिनिटांत इंजिन बंद, बंक हीटर होता म्हणून निभावलं. शेवटी लिहिलेल्या ओळीचा फोटो विक्री विभागाच्या प्रमुखाला पाठवला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांच्या माणसानं दुरून जोडून पासवर्ड काढला. मी बंद होण्याची वेळ वाढवून घेतली. वेगमर्यादा 65 होती, ती 68 केली. डिझेलचा आकडा 7.4 वरून 7.1 वर आला, तेव्हा परत 65 केली.